जिला पाणी कळायचं

खोपोलीजवळच्या साजगावच्या खालच्या अंगाला, नदीच्या काठावर ठाकर आदिवासींची वीस-बावीस घरांची एक वाडी होती. उंबरवाडी. आता त्या नदीला बाराही महिने पाणी असतं, म्हणून नव्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. पण १९१५ सालाच्या आधी शिमगा झाला की ही नदी आटायला लागायची. आधी धार बारीक व्हायची, मग धारेचे तुकडे पडून डोह उरायचे, मग डोहांची डबकी, आणि भर चैत्रात दोन्ही काठांच्या मध्ये नुसती वाळू, गोटे आणि ऊन. पाणी नाहीसं झालेलं नसायचं. ते वाळूखाली गेलेलं असायचं, आणि तिथून ते वर आणायचं काम बायकांचं. वाळूत कंबरभर खड्डा खणायचा, कडा ढासळू नयेत म्हणून आतून निरगुडीच्या फांद्यांचा कूड लावायचा आणि वाट बघत बसायचं. तळाशी पाणी झिरपायचं, ते करवंटीनं उचलून हंड्यात भरायचं. एका हंड्याला कधी घटकाभर लागे, कधी अर्धी सकाळ. हा झिरा.

झिरा कुठं खणायचा, हा दर वर्षीचा प्रश्न. पावसाळ्यात नदी सगळी वाळू उलटीपालटी करून जायची, त्यामुळे गेल्या साली जिथं पाणी लागलं तिथं यंदा लागेलच असा भरवसा नव्हता. बाया चार-चार दिवस खणत आणि कोरड्या खड्ड्यांकडे बघून नदीला शिव्या घालत. पण उंबरवाडीला ही कटकट पुढं तितकी राहिली नाही, कारण त्या वाडीत चिमा होती, आणि चिमाला पाणी कळतं असं सगळे म्हणत.

तिला ते कसं कळायला लागलं, हे मात्र एकट्या चिमालाच ठाऊक होतं.

ती कर्जतकडच्या एका डोंगरवाडीतून लग्न होऊन आलेली. पहिलंच वर्ष, वय पंधरा-सोळा. नवरा चांगो स्वभावानं गार, पण सासू बुधी म्हणजे निखारा. १९१० सालच्या उन्हाळ्यात जुने दोन्ही झिरे आटले होते आणि बाया वैतागल्या होत्या. अशात एके सकाळी नदीत उतरताना चिमाचा पाय गोट्यावरून घसरला आणि डोक्यावरचं मडकं फुटलं. बुधीनं सगळ्या वाडीच्या बायांदेखत तिचं माहेर काढलं. चिमा तशीच वळली. बाजूला पडलेली पहार उचलली आणि पात्रातून वर चालायला लागली. कुठं जायचं हे ठरलेलं नव्हतं. जिथं राग संपला तिथं ती थांबली. तिथं एक काळा कातळ वाळूतून तिरका वर आलेला होता. खाली दगडच असणार म्हणून त्या जागेला कुणी कधी पहार लावली नव्हती. चिमानं लावली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. रडत रडत ती खणत राहिली. कोपरभर गेल्यावर वाळूचा रंग बदलला. हातभर गेल्यावर पहारीच्या टोकाला चिखल आला. आणि मग कातळाच्या पोटाखालून बोटाएवढी धार लागली, झिरप नव्हे, धार, गार आणि गोड.

बाया धावत आल्या. "तुला कसं गं कळलं?" असं चार जणींनी एकदम विचारलं.

"सहज" असं म्हणायला चिमानं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बुधी पुढं झाली. "कळनार नाय तर काय? माझी सून हाय ती. सकाळधरनं त्या कातळाकडंच बघत व्हती." आणि बुधीनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. लग्नाला वर्ष होत आलं होतं, त्यात सासूचा हात पाठीवर असा पडलेला चिमाला आठवत नव्हता. तिनं तोंड मिटलं.

एवढंच झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात पहार कुठं लावायची हे विचारायला बाया थेट चिमाच्या दारात आल्या. आता नाही कसं म्हणायचं? मग चिमा पाण्याचा माग काढायला शिकली. पहाटे अनवाणी पात्रात फिरायची आणि कुठली वाळू तळव्याला जास्त गार लागते ते बघायची. परीट पाखरं शेपट्या हलवत कुठं उतरतात, काठावरची करंजं कुठल्या बाजूला जास्त हिरवी आहेत, मुंग्या कुठून दूर राहतात, सगळं टिपायची. कधी पाणी लागे, कधी लागत नसे. चौथ्या-पाचव्या खड्ड्याला लागलं, तर घरी जाताना बाया पाचव्या खड्ड्याचीच गोष्ट सांगत; आधीचे चार त्यांच्या ध्यानातही राहत नसत. चिमाच्या मात्र राहत. ती एकदा चांगोला म्हणाली, "लोकं इसरत्यात कशी रं?"

चांगो झिऱ्यातून काढलेली वाळू पाटीत भरून टाकत होता. तो म्हणाला, "सात ठिकानी खणलं तर एका ठिकानी लागनारच. त्यात तुझं काय मोठं?"

"मोठं काय नाय. पन सहा ठिकानी कोरडं गेल्यावर सातवं खणायला कोन उभं रहातं सांग!"

चांगो हसला. "तू रहातेस, बाय," तो म्हणाला आणि पाटी उचलून चालायला लागला. ते त्याचं हसणं चिमाला पुढं जन्मभर आठवायचं. त्यात थट्टाही होती आणि कौतुकही होतं, पण दोन्ही वेगळं काढता येत नव्हतं.

तेव्हाचे उन्हाळे तसे कष्टाचेच होते, पण झिऱ्यावरच्या सकाळींसारखी दुसरी गंमत नव्हती. पाणी झिरपेपर्यंत बायांना बसून राहण्यावाचून इलाज नसे. घरी तोंड उघडायला न मिळालेल्या सुना तिथं बोलत. कुणाला दिवस गेले, कुणाचा नवरा साजगावच्या जत्रेत सुकी मासळी आणायला गेला आणि मासळीऐवजी नवी घोंगडी पांघरून परत आला, हे सगळं आधी झिऱ्यावर कळायचं आणि मग वाडीला. काठावरच्या उंबराच्या सावलीचा तुकडा सरकत जाई तशा बायाही सरकत.

त्या वाटेनं इद्रिस नावाचा एक गाडीवान जायचा. खालापूरचा, कोकणी मुसलमान, चिमाहून आठ-दहा वर्षांनी मोठा. पेणकडून मीठ आणि सुकट घेऊन खोपोलीच्या बाजारात यायचा, आणि उंबरवाडीपाशी त्याची बैलगाडी नदीचं कोरडं पात्र ओलांडायची. बैलांना पाजायला तो झिऱ्यावर थांबे. गुरांसाठी चिमा खालच्या अंगाला वेगळा खड्डा ठेवायची.

एका दुपारी झिऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं. बैल पाणी पीत होते. इद्रिसनं सहज विचारलं, "चिमाबाय, खरं सांग. तुला काय दिसतं तरी काय?"

चिमानं जे कुणाला, चांगोलाही, सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. मडकं फुटलं ते, राग आला ते, सासूचा हात. तिला वाटलं हा हसेल. तो हसलाही, पण तिला नाही.

"माझा पणजोबा खलाशी व्हता," तो म्हणाला. "रत्नागिरीहून गलबत घेऊन मुंबईला निघाले. वाटेत वारा फिरला, गलबत धरमतरच्या खाडीत घुसलं. पानी भरायला उतरले आन पणजोबाला ताप भरला. ज्यांनी त्याला ओटीवर घेतला त्यांचीच लेक त्यानं केली. वारा सरळ असता तर मी हितं नसतोच. आता आमच्या घरात कुनाला इचार, म्हनतील, बुजुर्गांनी जागा पारखून घर बांधलं!"

"मंग मी लोकांना काय सांगू?"

"लोकांना पानी पायजे, ते तू देतेस. गोष्ट त्यांची त्यांना रचू दे." आणि बैलांच्या तोंडावरून ओला हात फिरवून तो निघून गेला. चिमाला त्या दिवशी फार हलकं वाटलं. आपलं गुपित आणखी कुणाला तरी ठाऊक आहे, आणि त्यानं काही बिघडलं नाही.

मग खोपोलीला डोंगराच्या पायथ्याशी वीजघराचं काम निघालं. माणसाच्या उंचीचे लोखंडी नळ कड्यावरून खाली बसवायचे होते. आसपासच्या वाड्यांतले गडी रोजावर जाऊ लागले, त्यांत चांगोही गेला. संध्याकाळी तो घरी येई तो नवलाच्या गोष्टी घेऊन. वर घाटमाथ्यावर तळी बांधलीत, त्यांचं पाणी नळातून खाली पडणार, त्यानं चाकं फिरणार आणि तिकडे मुंबईत गिरण्या चालणार. बुधीला वाटे पोरगा दारू पिऊन आलाय. तोवर चिमालाही मुलगी झाली होती, आवडी. तिला मांडीवर घेऊन चिमा भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "आन चाकं फिरवून झाल्यावर त्या पान्याचं काय करनार?"

"करनार काय? देनार नदीत सोडून."

तो सहज बोलून गेला. चिमाचा भाकरीवरचा हात थांबला.

१९१५च्या उन्हाळ्याआधी दवंडी आली, की नदीला पाणी येणार, पात्रात गुरं बांधू नका, कुणी निजू नका. वाडीनं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. चैत्रात पाणी! आभाळात ढग नाही आणि पाणी कुठून येणार? चिमानं नेहमीसारखा झिरा खणला. त्या साली पहिल्याच पहारीला लागला आणि तिची वाहवा झाली.

पाच-सहा दिवसांनी, उन्हं चढलेली असताना, वरच्या अंगाला खेळणारी पोरं ओरडत आली. बाया उभ्या राहिल्या. लोंढा नव्हता, आवाजही नव्हता. वाळूवरून पाण्याची एक जीभ हळूहळू पुढं येत होती, वाळलेली पानं पुढं ढकलत. गोट्यांना वळसा घालून ती झिऱ्यापाशी आली, काठावर क्षणभर थबकल्यासारखी झाली आणि आत उतरली. झिरा बघता बघता भरला, भरून वाहिला, निरगुडीचा कूड सुटून तरंगत गेला. मग तिथं झिरा होता असं दाखवायलाही काही राहिलं नाही. बाया घोट्याएवढ्या पाण्यात हंडे धरून उभ्या होत्या. कुणी हसत होत्या, एकीनं पाण्याला हळद वाहिली, एक म्हातारी घाबरून घराकडे पळाली. चिमा सगळ्यांत आधी हसली होती. हंडा एका बुडीत भरला तेव्हा तर ती मोठ्यानं हसली. पण घरी येऊन तिनं हंडा उतरवला आणि दाराशी बसून राहिली. चांगोनं विचारलं, "काय झालं?" आनंद झाला होता हे खरं. पण नातेवाईक न सांगता गावाला निघून जावा, तसंही काहीतरी झालं होतं.

त्यानंतरचे उन्हाळे सोपे गेले, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. चांगोनं काठावर वांगी-मिरची लावली. बायांच्या कमरा दुखायच्या थांबल्या. मात्र आता पाण्याला गेलेली बाई हंडा बुडवायची आणि परत यायची. बसायला कारण उरलं नव्हतं. चिमानं दोन-तीनदा उंबराखाली रिकामा हंडा ठेवून वाट बघितली, कुणी आलं, "काय गं, बरं नाय का?" म्हणालं आणि पुढं गेलं.

नदी आता वेगळ्याच तऱ्हेनं लहरी झाली होती. सकाळी पाणी चढे, संध्याकाळी उतरे, कधी मध्येच गुडघ्याचं मांडीला लागे. गाडीवानांना उतार कधी मिळेल ते कळेना. लोक सवयीनं चिमाकडे आले. तिनं हात जोडले, "मला नाय कळत बाबांनो." पण बघायची सवय सुटली नव्हती. तिच्या ध्यानात आलं, की सात दिवसांतून एकदा नदी निजून राहते. दिवसभर पाणी घोट्यावर येत नाही. तिनं इद्रिसला सांगितलं. त्यानं बोटं मोजली आणि मांडीवर थाप मारली. "आयतवार! मुंबईच्या गिरण्यांना सुट्टी असते, वीज लागत नाय. तिकडची सुट्टी हितं नदीला मिळते." तेव्हापासून तो रविवारीच नदी ओलांडू लागला आणि सगळीकडे सांगत सुटला, की चिमाबायनं नदीचं कोडं सोडवलं.

चिमाला कोडं सुटल्याचं सुख झालं नाही. तिला वाटलं, आधीही नदी लहरी होती, पण ती लहर तिची होती. आता कुठं तरी लांब कुणी कळ फिरवतो. त्याला उंबरवाडी ठाऊक नाही, आपण इथं पायाला पाणी लावून उभ्या आहोत हेही ठाऊक नाही. त्याचा राग तरी कसा करायचा?

१९१८ सालच्या दसऱ्याच्या सुमारास मानमोडीचा ताप आला. घराघरांत माणसं पडली. चिमा आणि चांगो एकाच दिवशी अंथरुणाला टेकले. पहिल्या सकाळी चांगो उठून बसला, भाताची पेज केली आणि चिमाला स्वतःच्या हातानं पाजली. "मला काय नाय गं, अंग मोडलंय नुसतं," असं म्हणत होता. तीन दिवस चिमाला शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी ती उठली. चांगो उठला नाही. ज्यानं लोखंडी नळ कड्यावर ओढले तो तिशीतला गडी गेला, आणि काडीसारखी चिमा राहिली. पाच वर्षांच्या आवडीला तर शिंकसुद्धा आली नव्हती.

दिवस घालायला वाडी जमली तेव्हा जो तो कारण सांगत होता. बुधी म्हणाली, यंदा नदीला नारळ द्यायचा राहिला. वाडीचा भगत शुक्रा म्हणाला, झिरे बुजले, पाण्याच्या राखणदाराचं खाणं बंद झालं, तो खवळला. चांगोची बहीण सुंदरा, शेजारच्याच घरात दिलेली, तिनं तर रडता रडता चिमालाच धरलं. "तुला पानी कळतं ना? वाळूच्या आतलं कळतं. मंग बाजूला निजलेल्या मानसाचा ताप कसा नाय कळला?"

चिमा उभी राहिली. आठ वर्षं पोटात ठेवलेलं तिनं तिथं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "मला कायबी कळत नाय. कधीच कळत नव्हतं. मडकं फुटलं, राग आला, पाय नेतील तिकडं गेले, पहार लावली आन पानी लागलं. दुसरीकडं लावली असती तर लागलं नसतं. तसाच ह्यो ताप. त्याला लागला, मला सोडला. कारण बिरण काय नाय त्यात."

मग बुधी हळूच म्हणाली, "पोर दुखानं बोलतीया." आणि शुक्रानं मान हलवली. "पाय नेतील तिकडं गेलीस म्हनतेस. पन पाय तिकडंच कुनी वळवले, ते सांग की!"

कुणाचा विश्वास बसला नाही. कारण नाही, हे ऐकायला कुणी तयारच नव्हतं. शुक्राचा प्रश्न मात्र तिच्या मनात कुसळासारखा राहून गेला. कित्येक वर्षं ती भाजी खुरपताना, गवताचा भारा बांधताना तो उलटून पालटून बघायची. पाय वळवणारा कुणी असेल, तर त्यानंच चांगोला नेलं असं म्हणावं लागतं, आणि मग त्याच्यावर रागवावं लागतं. नसेल, तर रागवायला कुणीच उरत नाही. कधी तिला पहिलं खरं वाटे, कधी दुसरं. त्या दिवशी मात्र विचाराला सवडच मिळाली नाही. आवडीला भूक लागली होती. चिमा उठली आणि चूल पेटवली.

वर्षं गेली. बुधी म्हातारी होऊन गेली. शेवटची दोन वर्षं तिचं सगळं चिमानंच केलं. सुंदरा बोलत नसे. भिंतीला भिंत लागून घर, पण अबोला तो अबोला. रस्त्यावर लाऱ्या धावू लागल्या आणि इद्रिसची बैलगाडी मागं पडली. त्यानं बैल विकले तेव्हा चिमाला वाटलं हा खचणार. पण काही महिन्यांनी खोपोलीच्या बाजारात तो तिला दिसला, हातात पाण्याचा डबा घेऊन. घाट चढायच्या आधी तापलेल्या लाऱ्यांना पाणी घालायचं काम त्यानं धरलं होतं, आणि त्यांच्यात कुठला माल कुठं जाणार तेही तोच ठरवत होता.

"बैलांनाबी पाजत व्हतो, हिलाबी पाजतो," तो लारीच्या तोंडावर थापटत म्हणाला. "ही शेपटी हलवत नाय एवढंच." मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाला, "बैलांची नावं अजून तोंडात येतात, चिमाबाय. हाक मारतो आन मग आठवतं."

१९२८च्या उन्हाळ्यात मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. उंबरवाडीला संप ठाऊक नव्हता; तिला एवढंच दिसलं, की नदी रोजच रविवारसारखी निजली आहे. धार बारीक झाली. मग वाडीपासच्या उथळ पात्रात नुसती डबकी उरली, आणि त्यांत गुरं बसू लागली. तेरा वर्षांत वाडीला या नदीचा तळ दिसला नव्हता. नव्या सुनांनी झिरा कधी पाहिलाच नव्हता. एका सकाळी सगळ्या जणी हंडे घेऊन चिमाच्या दारात उभ्या राहिल्या. सुंदरा मागं, जरा लांब.

चिमा पहार घेऊन निघाली. पात्रात उतरल्यावर तिला कळलं, की ही तिची नदी राहिलेली नाही. काळा कातळ वाळूखाली कुठं गडप झाला होता देव जाणे. उंबर पुरात गेलेला. तळव्यांना जागोजाग सारखीच गार लागत होती. तिनं एक जागा दाखवली, कोरडी निघाली. दुसरी, तीही कोरडी. तिसऱ्या खड्ड्यात दगड लागला. ऊन डोक्यावर आलं. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि आवडीचं तोंड आईपेक्षा जास्त उतरलं. पंधरा वर्षं ती पाणी कळणाऱ्या बाईची लेक म्हणून वाढली होती.

चिमानं कपाळावरचा घाम पुसला. तिला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. उलट खांद्यावरची भरलेली घागर कुणी उतरवून घ्यावी तसं वाटलं. "हे बघा गं पोरींनो," ती म्हणाली, "कुठं ते मला ठाव नाय. कसं ते ठाव हाय. कूड कसा लावायचा, कडा कशा राखायच्या ते दावते. जागा ज्याची त्यानं बघा. जेवढे हात तेवढे खड्डे."

मग पात्रभर बाया पांगल्या. हसत, भांडत, एकमेकींच्या अंगावर वाळू उडवत खणू लागल्या. चिमा एकीपासून दुसरीकडे जात होती, फांद्या कशा गुंफायच्या ते सांगत होती. दुपार कलताना वरच्या अंगाहून हाक आली. सुंदरेच्या खड्ड्यात पाणी लागलं होतं. सगळ्या तिकडे धावल्या. "आत्या, तुमाला कसं कळलं?" एका पोरीनं विचारलं.

सुंदरा चिखलानं माखलेली उभी होती. तिचे ओठ हलले आणि मिटले. तिची नजर गर्दीवरून फिरत चिमापाशी आली आणि तिथंच थांबली. चिमानं त्या नजरेतलं सगळं वाचलं. तिला ओळखायला वेळ लागला नाही. ती पुढं झाली, खड्ड्यात उतरली, ओंजळभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "ग्वाड हाय. बसा आता. भरेपर्यंत वेळ लागंल."

आणि बाया बसल्या. दहा वर्षं न बोललेली सुंदरा चिमाच्या शेजारी टेकली. बराच वेळ दोघी करवंटीतून हंड्यात पडणारं पाणी बघत होत्या. मग सुंदरा म्हणाली, "दादा असता तर म्हनला असता, त्यात काय मोठं!" आणि दोघी हसल्या, आणि हसता हसता सुंदरा रडली.

पावसाळ्यानंतर कधीतरी संप मिटला आणि पुढच्या उन्हाळ्यात नदी पुन्हा पहिल्यासारखी भरून वाहिली. आवडीचं लग्न ठरलं ते इद्रिसमुळं. लारीबरोबर कर्जतला गेला असता पाऊस लागला म्हणून तो एका पडवीला थांबला. ती पडवी ठाकरांची निघाली, आणि त्यांचा मुलगा लडकू रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होता. इद्रिसनं येऊन सांगितलं. चिमानं फार चौकशी केली नाही. मुलाचे हात बघितले, त्याचं बोलणं ऐकलं आणि हो म्हणाली. लडकूची नेमणूक घाटात ठाकुरवाडीला झाली तेव्हा आवडीनं आईला तिकडे बोलावलं. १९३१ साल असेल. घर आणि वांग्यांचा तुकडा सुंदरेच्या हवाली करून चिमा निघाली.

खोपोलीच्या स्टेशनात इद्रिस पोहोचवायला आला होता. दाढी पांढरी झाली होती. त्यानं सुकटीची पुरचुंडी तिच्या हातात दिली.

"परत येशील ना?"

"यायचं मनात हाय," चिमा म्हणाली. "बघू."

"बघू," तोही म्हणाला. गाडी सुटेपर्यंत दोघं पावसाबद्दल बोलत राहिले. त्यानंतर त्यांची गाठ पडली नाही.

ठाकुरवाडी म्हणजे घाटातला एक थांबा. दोन्ही बाजूंना कडे आणि मधून रूळ. वरून येणारी प्रत्येक गाडी तिथं थांबवायचीच, असा तिथला नेम होता, उतारावर ती ताब्यात आहे की नाही ते बघायला. त्या थांबण्यावर वाडीतल्या बाया जगत. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, पावसाळ्यानंतर काकड्या, पानांच्या द्रोणांत घालून डब्यांच्या खिडक्यांपाशी विकायच्या. चिमाही जाऊ लागली. गाडी कधी अलीकडे थांबे, कधी पलीकडे, आणि बाया टोपल्या घेऊन रुळांच्या कडेनं एकीपुढं एक धावत. चिमा धावायची नाही. रोज त्याच करंजाच्या झाडाखाली टोपली घेऊन बसायची. कधी अख्खी टोपली तिथंच संपायची, कधी एक द्रोणही जात नसे. मग उरलेली करवंदं आवडीच्या पोरी खात.

तिथल्या बायांना उंबरवाडीची गोष्ट कुठून तरी कळलीच होती. एकदा जना नावाची एक नवी सून टोपली घेऊन तिच्यासमोर उभी राहिली आणि भीत भीत म्हणाली, "आजी, तुमाला कळतं म्हनं सगळं. आज गाडी कुठं थांबंल?"

चिमानं वर बघितलं. पोरीचा चेहरा उन्हानं लाल झाला होता.

"गाडीचं मला काय ठाव, बाय?" ती म्हणाली आणि बाजूला सरकली. "हितं सावली हाय. बस."